सरकलेलं झाकण

नुकसान कळलं तेव्हा गणपती विसर्जन होऊन आठवडा झाला होता. रेणूत काय कुठे जोडलंय ते दाखवणारा एनएमआरचा आलेख टेबलावर पसरून चिंतामणी एकाच टोकावर पुन्हा पुन्हा बोट ठेवू लागले, तेव्हाच मयूरनं ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

परळच्या त्या प्रयोगशाळेत दोघं मिळून एका जंतूच्या कवचातली साखरेची साखळी रसायनांतून घडवत होते, लशीसाठी. पाच साखरा एकापुढे एक जोडायच्या. प्रत्येक साखरेवर जोड बसेल अशा बऱ्याच जागा, आणि सगळ्या जवळजवळ सारख्या. म्हणून नको त्या जागांवर रसायनाची झाकणं चढवायची, हवी ती एकच उघडी ठेवायची आणि मग पुढची साखर आणायची. चार जुळल्या होत्या. पाचवीही जुळली, पण भलत्या जागी. शेजारच्या जागेवरचं झाकण सरकून उघड्या जागेवर बसलं होतं आणि ती शेजारची जागाच मोकळी पडली होती.

"सर, मी तुम्ही सांगता तसंच केलं," मयूर म्हणाला.

खरंच होतं ते. अ‍ॅसिडनं जोड तुटू नयेत म्हणून त्यानं चार साखरांच्या द्रावणात बेसचे, म्हणजे अ‍ॅसिड मारणाऱ्या अल्कलीचे, दोन थेंब टाकले आणि फ्लास्क टेबलावर ठेवून विसर्जनाला लालबागला घरी गेला. ही थेंब टाकायची सवय चिंतामणींनीच त्याला लावली होती. त्यांनी आजवर वापरलेली झाकणं बेसमध्ये हलत नसत. हे नवं झाकण लहान होतं. सुट्टीभर बेसमध्ये राहिलं आणि पाचवी साखर जोडायच्या आधीच सरकलं.

"तसंच केलंस, हीच तर भानगड आहे," ते म्हणाले. "कधीतरी माझं ऐकू नये रे."

"हे आधी सांगायचं ना, सर."

चिंतामणींना हसू आलं. मग मयूरही हसला, पण त्याच्या मनातून मार्च जात नव्हता. मार्चमध्ये सर निवृत्त होणार होते आणि साखळी त्यांच्या हातून पुरी व्हावी असं त्याला फार वाटत होतं.

चिंतामणींना तेवढी घाई नव्हती. त्यांची बायको बेबी गेली त्याला वर्ष झालं. गिरगावात घरी आले की ती चहा टाकता टाकता विचारायची, आज जुळलं का काही? रसायन तिला कळत नसे, पण उत्तर आल्याशिवाय कप हातात देत नसे. आता घरी कोणी विचारत नाही. ती गेली ते काही दुरुस्त होणारं नव्हतं. हे होणारं होतं. आलेख बाजूला सारताना त्यांना बरंच वाटलं.

तीन साखरा जोडलेला थोडा माल फ्रीजमध्ये शिल्लक होता. सहजी न सरकणारं मोठं झाकण लावून चौथी साखर नव्यानं करायची ठरली. दुपारी मयूरच्या डब्यातली सुरमई दोघांनी वाटून खाल्ली आणि कामाला लागले.

"मार्चपर्यंत नाही झालं तर?" मयूरनं विचारलं.

"तर तू करशील. मी येऊन बसेन, चुका काढायला."

दिवाळीच्या आधी चौथी जुळली. या वेळी फ्लास्कमध्ये बेस नव्हता. आलेख दोघांनी वेगवेगळा वाचला, मग एकत्र वाचला. झाकण जागेवर होतं.

पाचवी साखर अजून जोडायची आहे. ती जुळल्यावर सगळी झाकणं काढायची आहेत.