अमावास्येला चाललेला कॉम्प्युटर

लालासाहेबानं लष्करात सिग्नलमध्ये, वायरलेस दुरुस्त करत पंधरा वर्षं काढली आणि घरी येऊन शेती बघायची सोडून कॉम्प्युटर बांधायला घेतला. एकोणऐंशी साली, आष्ट्याजवळच्या खेड्यात! थोरला भाऊ नाथाजी कपाळावर हात मारून नांगरटीला निघून गेला.

मुंबईहून मागवलेल्या चिप्स, रेडिओचा ट्रान्सफॉर्मर आणि बाभळीचा खोका. काल दुपारी ते यंत्र पहिल्यांदा चाललं. लाल आकडे उजळले, गुणाकारसुद्धा बिनचूक आले. आनंदानं लालासाहेबाला जेवण गेलं नाही. आज सांगलीच्या एका कॉलेजातले गोपाळकृष्ण सर ते बघायला आले होते. यंत्र चाललं तर प्रयोगशाळेत नोकरी पक्की. नाही चाललं तर उरलेलं आयुष्य उसाच्या सरीत.

आणि बटण दाबलं तर ढिम्म! एकदोन आकडे मिणमिणले आणि विझले.

लालासाहेबानं चिप्स दाबून पाहिल्या, सांधे तपासले, एकेक तार हलवली. सगळं जागच्या जागी होतं. सर सभ्य माणूस, पण तेही घड्याळाकडे बघायला लागले. दारात जमलेल्या लोकांत खसखस पिकली.

"तरी मी म्हनत हुते," आई बनुबाई चुलीपासून बोलली, "आवसंला नवं काय चालू करू नगंस. काल आवस हुती. आता भोग!"

लालासाहेब चिडून काहीतरी बोलणार होता, तो थबकलाच. काल अमावास्या! त्या दिवशी गाव शिवारात पाऊल टाकत नाही, विहिरीवरची मोटर कुणी लावत नाही. आज मात्र सकाळपासून झाडून सगळे उसाला पाणी पाजत होते, मोटरींची घरघर खिडकीतून आत येत होती. त्यानं व्होल्टमीटर प्लगला लावला. दोनशे तीस व्होल्टच्या जागी जेमतेम दीडशे! यंत्र बिचारं धडधाकट होतं. उपाशी होतं, एवढंच.

"सर, दहा मिन्टं थांबा," म्हणून तो पळत सुटला. मोटरी बंद करा म्हणावं, तर पाण्याची पाळी सोडतो कोण? पण नाथाजी शिवारात होता, आणि नाथाजीकडे ट्रॅक्टर होता.

"आवं दादा, ट्रॅक्टर घराकडं घ्या. बॅटरी पायजे."

"तुज्या त्या खोक्यापायी?"

"व्हय. आजच्या दिवस. पुन्ना मागनार न्हाई."

नाथाजीनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. तिथं काय दिसलं कोण जाणे, एक शिवी हासडून त्यानं नांगर सोडला आणि ट्रॅक्टर वळवला.

ट्रॅक्टर दाराला भिडला. लालासाहेबानं घरची वीज तोडली आणि ट्रान्सफॉर्मर वगळून बॅटरीच्या तारा थेट यंत्राच्या पोटात जोडल्या; आत तसे बाराच व्होल्ट लागत होते. त्यानं बटण दाबलं.

आकडे लख्ख उजळले! सरांनी स्वतः बटणं दाबून गुणाकार घातला, कागदावर ताडून पाहिला. मग दुसरा, मग तिसरा. शेवटी चष्मा पुसत म्हणाले, "लालासाहेब, सोमवारी रुजू व्हा."

दारातल्या लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. लालासाहेबाचा ऊर भरून आला. इतकं सुख त्याला पलटणीत बढती मिळाली तेव्हाही झालं नव्हतं. डोळे पुसून तो तारा सोडवायला वाकला, भावाचं काम खोळंबलं होतं.

नाथाजीनं त्याचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे रं. नांगरट उद्या हुईल," तो खोक्यापाशी मांडी घालत म्हणाला. "आदी मला सांग, कंचं बटन दाबू?"