तिसऱ्या पानावरचा ठिपका

ताई बारा वर्षं भौतिकशास्त्रातल्या एकाच गणिती असमानतेच्या मागे हात धुऊन लागली होती. रिकाम्या अवकाशातली ऊर्जा एखाद्या जागी शून्याच्याही खाली जाऊ शकते. पण किती खाली, याला तिथे साठलेली माहिती लगाम घालते, एवढंच तिला सिद्ध करायचं होतं. धाकट्या बहिणीने ते आठ महिन्यांत उरकलं, आणि तेही चार पानांत. माणसाचा अंत पाहायचा म्हणजे किती पाहायचा?

त्यावर कडी म्हणजे ती पानं घेऊन धाकटी ताईच्याच खोलीत आली. तू एकदा नजर घातलीस की मी निर्धास्त, असं म्हणाली. ताई तोंडभर हसली आणि आतून जळून खाक झाली.

वाचताना अडलं की तिथे पेन्सिलीचा बारीक ठिपका द्यायचा आणि समासात शंका लिहायची, ही ताईची जुनी सवय. तिसऱ्या पानावर पेन्सिल अडली. दोन अवस्था एकमेकींपासून किती वेगळ्या ओळखू येतात, हे सांगणारं एक माप असतं. त्यात कुणाला कुणाशी ताडायचं, हा क्रम उलटवला की उत्तर बदलतं. धाकटीने नेमका तोच उलटा धरला होता.

ताईचा जीव भांड्यात पडला. हे माप तिला पाठ होतं. ती रोज उठून स्वतःला धाकटीशी ताडत होती, आणि धाकटीला ताईशी स्वतःला ताडायचं कधी सुचलंही नव्हतं. खरा राग त्याचाच होता.

ठिपका सवयीने पडून गेला होता. समास मात्र तिने कोरा ठेवला. शेवटच्या पानावर 'ठीक' लिहिलं आणि पानं परत केली.

धाकटीच्या व्याख्यानाला ताई मुद्दाम दुसऱ्या रांगेत बसली, फजिती जवळून दिसावी म्हणून. धाकटी तिसऱ्या पानावर आली तसा विभागप्रमुखांनी हात वर केला आणि क्रम उलटा झालाय का, असं विचारलं. धाकटीने फळ्यावरची ओळ पुन्हा वाचली.

"हे ताईने तपासलंय," ती म्हणाली. "म्हणजे समजण्यात माझंच काहीतरी चुकत असेल."

सगळ्या माना ताईकडे वळल्या. मजा येईल असं तिला वाटलं होतं. ती काही आली नाही. ताई उठली, क्रम उलटाच आहे म्हणाली आणि खडू घेऊन तो सुलटा केला. त्यामुळे सिद्धतेत पडलेली फट तिने दोन ओळींत बुजवली. बारा वर्षांत त्या दोन ओळी तेवढ्या तिच्या हाती लागल्या होत्या. टाळ्या पडल्या. ताईची नजर किती बारीक, असं विभागप्रमुख चारचौघांत म्हणाले.

बाहेर जिन्यापाशी धाकटी हातावरचा खडू झटकत होती.

"ठिपका बघितला होता मी," ती म्हणाली. "पुढे समासात काही नव्हतं. वाटलं, तुझी शंका फिटली. म्हणून मी तिथे पुन्हा बघितलंच नाही."

धाकटीने पिशवीतून नव्या लेखाची पानं अर्धवट बाहेर काढली होती, ताईला दाखवायला आणलेली. ती तिने परत आत सरकवली आणि जिना उतरायला लागली.