मंगळवारचा तास

थोरलीचे वडील पाणीपुरवठा केंद्रात पंप चालवायचे. ती बारावीत असताना नदीच्या वरच्या अंगाला, शेजारच्या देशात, धरणाचे दरवाजे न कळवता उघडले आणि पंपघरात छातीएवढं पाणी शिरलं. वडील खिडकीच्या गजाला धरून चार तास उभे राहिले. वाचले, पण ‘कुणी कुणाला कळवायचं होतं?’ हा प्रश्न थोरलीच्या डोक्यात घर करून बसला.

म्हणून अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षी तिने आंतरराष्ट्रीय अभ्यास हा जोडविषय मागितला. विभागप्रमुखांनी अर्ज वाचून चष्मा काढला.

“अगं, पाइपाला काय पासपोर्ट लागतो? एक ना धड, भाराभर चिंध्या! शिवाय मंगळवारी दुपारी त्यांचा तास आणि आपलं सर्वेक्षणाचं प्रात्यक्षिक एकदमच.”

“मी सकाळच्या तुकडीत गेले तर सही कराल, सर?”

“ती भरलीय. कुणी अदलाबदल केली तर बघू.”

सकाळच्या तुकडीत वीस जण होते. थोरली एकेकाला गाठत सुटली, कधी कँटीनच्या रांगेत, कधी ग्रंथालयाच्या जिन्यात. सोळा जणांनी नाही म्हटलं. सतरावी मुलगी जांभई देत म्हणाली, “सकाळी सातला सर्वेक्षणाची दुर्बीण लावायची म्हणजे जिवावर येतं माझ्या. घे बाई जागा, उपकारच होतील!”

सही झाली. पण पहिलाच निबंध लाल शाईने भरून परत आला. आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या बाईंनी लिहिलं होतं : ‘धरण छान समजावलंत. करार कुठाय?’

आई फोनवर म्हणाली, “झेपत नसेल तर सोड गं. कोण नावं ठेवतंय?”

“सोडायचंच असतं तर इतक्या जणांचे नकार कशाला पचवले असते, आई?”

ती बाईंकडे गेली, पुन्हा लिहायची परवानगी मागितली आणि दोन देशांमधला नदीच्या पाण्याचा करार कलम-कलम वाचून काढला. ‘योग्य वेळेत कळवावे’ या शब्दांपाशी ती अडली. योग्य म्हणजे किती? उतार, अंतर, वेग मांडून तिने हिशेब केला : पाणी धरणापासून पंपघरापर्यंत सहा तासांत पोचतं. मग किमान सहा तास आधी, असं कलमातच हवं. बाईंनी तो निबंध वर्गात वाचायला लावला. थोरलीने तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

पुढच्या सत्रात तिने आणखी दोन विषय घेतले. त्यातला एक म्हणजे परकी भाषा. जीभ काही केल्या वळेना. तरी रोज वर्गाबाहेरच्या बाकावर बसून ती तेच दहा शब्द मोठ्याने घोकायची. येणारेजाणारे हसायचे. ती अकरावा शब्द घ्यायची.