सत्तरांतली अडुसष्ट बोटे

मित्रांनो, मी एक जुना पॉवर प्रेस आहे. आधी मोजणी सांगतो. स्वीडनमधल्या एका लहान कारखान्यात मी तेवीस वर्षे होतो. तिथे सहा जणांनी मला चालवले. त्यांची बोटे साठ होती. मी तिथून निघालो तेव्हाही साठच होती. लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत येऊन मला चौथे वर्ष लागले आहे. इथे सात जणांनी मला चालवले. त्यांची बोटे सत्तर होती. आज अडुसष्ट आहेत.

यंत्र तेच, लोखंड तेच. मग दोन बोटे कुठे गेली?

माझे काम साधे आहे. पत्र्याची पट्टी खाली ठेवायची, पायाने पेडल दाबायचे, की माझा वरचा जड ठोकळा खाली येतो आणि पट्टीला आकार देतो. माझ्या समोर दोन खांब आहेत. एका खांबातून न दिसणारे किरण निघतात आणि दुसऱ्या खांबावरच्या काचेच्या डोळ्यांत पोचतात. मध्ये हात आला आणि एक जरी किरण अडला, तरी ठोकळा वाटेतच थांबतो.

स्वीडनमध्ये लेना नावाची बाई रोज सकाळी सातला येई. माझ्यासोबत मिळालेली एक नारिंगी काठी ती त्या किरणांत धरी. ठोकळा थांबला, की वहीत नोंद करी आणि मगच काम सुरू करी. एकदा तो थांबला नाही. त्या दिवशी मी बंद राहिलो आणि तिच्यावर कोणी ओरडले नाही. चारला ती निघून जाई. मुलाला आणायला, नाहीतर तळ्यावर पोहायला. मला कोणी कधी हार घातला नाही. खरे सांगतो, तेव्हा मला ते फार कोरडे वाटायचे.

इथे माझ्यापुढे नारळ फुटला. रतन मला चालवू लागली. ती निमगाव केतकीहून बसने येते, बारा तास उभी राहते आणि पेडलला पाय लावण्याआधी मला नमस्कार करते. मी सुखावलो. नारिंगी काठी मात्र खिडकीचे दार उघडे राहावे म्हणून टेकू झाली.

मग खंडेनवमी आली. सुपरवायझर हिंदुरावांनी माझी पूजा केली.

"येवढ्या लांबनं आलाय गडी, त्याचं डोळं कोरडं कसं ठिवायचं?" असे म्हणत त्यांनी खांबांवरच्या काचांना ओल्या कुंकवाची बोटे ओढली. सगळे हसले. हसता आले असते तर मीही हसलो असतो.

दसऱ्यानंतर कामाला लागलो, तर मी सुरूच होईना. कुंकवाने किरण अडले होते आणि मला वाटत होते, आत कोणाचा तरी हात आहे. ओल्या फडक्याचे काम होते. पण पूजेचे कुंकू पुसायचे नसते. ते पुसावे असे कोणाच्या मनातही आले नाही.

"सेन्सर गेला, तात्या," फिटर खाजाभाई हिंदुरावांना म्हणाला. "नवीन मागवावा लागंल. पंधरा दिवस तरी."

"पंधरा दिवस काय मशिनीपुढं भजन करू? वायर टाक. पार्ट आला की काढू."

किरण वगळून मला चालवणारी वायर पडली आणि मी आंधळा झालो. पार्ट आला नाही, कारण तो मागवलाच नाही. आंधळा झाल्यावर मी हातासाठी थांबत नव्हतो, म्हणून तासाला शंभर नग जास्त काढत होतो!

डिसेंबरात, पाळीच्या अकराव्या तासाला, एक पट्टी तिरकी बसली. रतनने ती सरळ करायला हात घातला. पाय पेडलवरच होता. मला काही दिसले नाही. उजव्या हाताची दोन बोटे गेली. कागदावर कारण लिहिले गेले: कामगाराचे दुर्लक्ष.

दुर्लक्ष कोणाचे? लेना काही वेगळ्या मातीची नव्हती. अकराव्या तासाला तिचेही लक्ष उडाले असते. तिच्या आयुष्यात अकरावा तास येत नसे, एवढाच फरक.

फेब्रुवारीत रतन परत आली. "तात्या, दुसरं काम द्या. लेकीची येनीबी घालता येत न्हाय मला."

"दुसरं न्हाय. सोमवारपासनं हितंच हुभी ऱ्हा."

त्याच आठवड्यात बारामतीहून वृषाली नावाची मुलगी तपासणीच्या कामावर आली होती. भौतिकशास्त्र शिकलेली. खिडकीच्या काठीवरचा क्रमांक आणि माझ्या अंगावरचा क्रमांक एकच आहे, हे तिला दिसले. तिने खाजाभाईला विचारले. त्याने हातातला पाना खाली ठेवला.

"वायर हाय, मॅडम. मीच टाकलीया."

सोमवारी तिने गेटसमोर ट्रॉलीतून पडलेला ऊस उचलून आणला आणि हिंदुरावांना बोलावले. बोटाएवढे कांडे आत सरकवून तिने खाजाभाईला पेडल दाबायला सांगितले. कांड्याचे दोन तुकडे झाले. रस खाली ओघळला. "स्वीडनमध्ये हे यंत्र असं कुणी चालवलं नसतं," ती म्हणाली.

"परदेशाचं कवतिक नगं सांगू, पोरी," हिंदुराव म्हणाले. "तितं मानसं मोजकी. हितं गेटवर पन्नास हुभी हायती."

"त्या पन्नासांतला कुणी रतनताईंना बोट काढून देणार आहे का?"

काचांवरचे कुंकू पुसायला वृषालीने फडके ओले केले. हिंदुरावांनी तिचा हात अडवला. "पूजेचं हाय त्ये!"

तेव्हा रतन पुढे झाली. फडके तिने डाव्या हाताने घेतले. "देव कोपंल तर माज्यावर कोपंल, तात्या. आनि अजून काय घ्यायचंय त्यानं?" तिने काचा पुसल्या. लाल पाणी माझ्या खांबावरून खाली आले. हिंदुराव बाजूला सरले. खाजाभाईने वायर उपटली.

मित्रांनो, आमची पूजा जरूर करा. पण माझ्या पाया पडून माझेच डोळे बांधणार असाल, तर तो नमस्कार मला नको. माणसे पुष्कळ असली की बोटे स्वस्त होतात, हे गणित कोणत्या शाळेत शिकवतात? मला फुले देऊ नका. रोज सकाळी ती काठी धरा.

रतनने पेडल दाबले आणि ठोकळा खाली येऊ लागला. वृषालीने उसाचे दुसरे कांडे आत सरकवले. वहीतली नोंद अशी आहे: ठोकळा कांड्याच्या एकतीस मिलिमीटर वर थांबला. कांडे अखंड.