तबकडीतलं बटाट्याचं सॅलड

व्हर्लिन टॅकेटला कंट्री संगीताचा साक्षात्कार झाला तो वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, टीव्हीसमोर, पाय वर करून. तोवर या संगीताला तो 'नाकात माशी गेलेल्या माणसाचं रडगाणं' म्हणायचा. हे मत त्याने चौदाव्या वर्षी बनवलं आणि बापासमोर रोज न चुकता मांडलं. बाप, ऑर्विल टॅकेट, आठवडाभर कोळशाच्या खाणीत असायचा आणि शनिवारी तिघा मित्रांना घेऊन नाकातून गायचा. त्यांनी एक तबकडीही काढली होती. व्हर्लिन बापाच्या एकाही कार्यक्रमाला गेला नाही. बारा वर्षांपूर्वी बाप गेला, तेव्हाही व्हर्लिनने चर्चमध्ये बापाच्या गाण्याऐवजी ऑर्गनच वाजवायला सांगितला होता.

प्रेक्षकांच्या देणग्यांवर चालणारं एक चॅनल दर वसंतात जुन्या गायकांचे खास कार्यक्रम दाखवतं, आणि दर दोन गाण्यांनंतर झोळी पुढे करतं. मंगळवारी संध्याकाळी तिथे एक काळीपांढरी फीत लागली. माइकसमोर चौघे उभे. डावीकडचा, केसांना तेल चोपडलेला काटकुळा, त्याचा बाप. बापाने श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि पडद्यावर कोट घातलेल्या एक बाई आल्या. "अशी दुर्मीळ रत्नं जपायची असतील तर आत्ताच फोन करा. सोबत हा कॉफीचा मग भेट!"

"ओलेटा! बाबा टीव्हीवर!"

"तुझे बाबा वारलेत," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"अगं, आत्ता गाणार होते!"

"पन्नास वर्षं गात होते. तेव्हा तू कानात बोटं घालून बसायचास."

बाई आटोपल्या तेव्हा दुसराच कोणी गात होता. व्हर्लिनने चॅनलला फोन लावला. फीत नऊ सेकंदांचीच आहे, असं तिथल्या मुलीने गोड आवाजात सांगितलं. तोंड उघडतं आणि फीत संपते. कॉफीचा मग हवाय का?

फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं, की बापाचा ओरडण्याचा आवाज आपल्याला स्वच्छ आठवतो, पण गाण्याचा अजिबात नाही. आता तो एकाच ठिकाणी उरला होता, तबकडीत. आणि ती तबकडी गेल्या उन्हाळ्यात घरातली अडगळ अंगणात मांडून विकताना त्याने स्वतःच, खोक्यासकट, युलीन प्रेटरला दिली होती. वर गाडीपर्यंत खोकं पोचवलंही होतं.

युलीनबाई जुन्या तबकड्या कॉफीच्या डब्यावर उपड्या घालून ओव्हनमध्ये ठेवते आणि त्यांचे झालरीचे वाडगे करते. पाइन फोर्क गावात बारसं, लग्न की मयत, तिच्याकडून वाडग्याची भेट ठरलेली.

"माझ्या बाबांची तबकडी कुठे गेली, युलीन?"

"मी काय नावं वाचत बसते? ओव्हनला अक्षरओळख नाही, व्हर्लिन."

"भजनांच्या तरी बाजूला ठेवल्यास ना?"

"भजनांच्या फार छान वळतात रे."

राहता राहिली रविवारची पंगत. प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात प्रत्येक घरून एक पदार्थ येतो, बहुतेक युलीनच्याच वाडग्यातून, आणि भांडं चुकू नये म्हणून खाली नावाची चिकटपट्टी असते. या वाडग्यांना तर मधोमध भोक, त्यामुळे पट्टी नावालाही आणि गळती थांबवायलाही. म्हणजे तबकडीवरचं नाव खालून पट्टीने झाकलेलं आणि वरून अन्नाने. दुसऱ्याच्या भांड्याची पट्टी सोलणं पाइन फोर्कमध्ये कोणी माफ करत नाही. दानपेटी फोडणाऱ्याला एकदा केलं होतं. उपाय एकच होता. खाणं.

व्हर्लिनने खाल्लं. घेवड्याच्या तळाशी नाताळची गाणी निघाली, कोबीच्या तळाशी एक लष्करी बँड, केळ्यांच्या पुडिंगखाली घोड्यांची निगा कशी राखावी यावरचं भाषण.

"ओलेटा, घरी उपाशी ठेवतेस की काय गं?" कोणीतरी विचारलं.

"काल तर जेवला होता," ओलेटा म्हणाली.

चौदावा वाडगा युलीनबाईच्या बटाट्याच्या सॅलडचा. त्याला तिच्या नवऱ्यानंतर कोणी हात लावला नव्हता, आणि नवरा कशाने गेला याबद्दल गावात दोन मतं होती. व्हर्लिन डोळे मिटून खात सुटला. तळाशी मेयोनीजमधून अक्षरं वर आली, 'ऑर्विल टॅकेट आणि मंडळी'. तो तिथेच रडायला लागला.

"बघा!" युलीनबाईने सगळ्यांना ऐकवलं. "याला म्हणतात चव! घेऊन जा रे वाडगा, उरलेलंही संपव. फक्त रिकामा परत आणू नकोस."

घरी त्याने वाडगा धुतला. कडेच्या झालरीतलं गाणं गेलं ते गेलंच. पण डब्यावर टेकलेला तळ सपाट राहिला होता, नावाभोवती दोन बोटं रेघा शाबूत. म्हणजे गाण्याचा शेवट. बापाचा तबकड्या वाजवायचा प्लेयर अंगणातल्या त्या विक्रीत कोणी फुकटही नेला नव्हता. त्याने त्यावर कॉफीचा डबा चिकटवला, डब्यावर वाडगा उपडा घातला. प्लेयरचा हात तिथवर पोचेना, तेव्हा ओलेटाने चर्चच्या पत्रकाचा कर्णा वळला आणि टोकाला शिवणाची सुई खोचली.

"ही सुई रेघा खरवडून काढेल हं. फार वेळा नाही चालायचं."

"लाव."

खरखर झाली. मग व्हायोलिनसारखी फिडल. आणि मग डोंगरापलीकडून आल्यासारखा, हेलकावे खात, नाकातून एक आवाज, '...दार नुसतं लोटून ठेव, मी येतोच आहे.' शेवटचा शब्द बापाने इतका ताणला होता, की व्हर्लिनने श्वास रोखून धरला. पुन्हा खरखर. सगळे मिळून आठ सेकंद.

दुसऱ्यांदा लावलं तेव्हा आवाज खरखरीच्या मागे गेला होता आणि सुईला काळा भुगा लागला होता. ओलेटाने कर्णा धरूनच विचारलं, "आणखी एकदा?"

"नको. उरलंय तेवढं राहू दे."

त्याने सुई काढून तिच्या टाचण्यांच्या उशीत खोचली. मग घसा खाकरला आणि ती ओळ स्वतः म्हणून पाहिली. कुत्रा उठून बाहेर गेला.

"व्हर्लिन, नाकातून गातोयस तू."

"दुसरीकडून येतच नाही गं," तो म्हणाला, आणि गाणं पुन्हा सुरुवातीपासून, म्हणजे त्याला येत होतं तिथून, शेवटापासून गायला लागला.