काठोकाठ टाकी

"ताई, एवढा पेट्रोलचा काटा नीट करून द्या, मग विकूनच टाकतो ही व्हॅन. बाबांना आता झेपत नाही," माझ्या गॅरेजात आलेला मुलगा म्हणाला.

बाबा शेजारीच उभे होते हो! समोरच्या माणसाबद्दल असं बोललं की माझं डोकं फिरतं. म्हटलं, "आधी गाडी बघू दे. माणसांचं नंतर ठरवा."

बाबा त्याच्या आईला या व्हॅनमधून दवाखान्यात न्यायचे. एकदा वाटेत पेट्रोल संपलं आणि आजारी बाई भर उन्हात रस्त्याकडेला बसून राहिली. बाबा म्हणत होते, काटा अर्ध्यावर होता. मुलाने येऊन चावी फिरवली, तर काटा तळाला. "पुन्हा असं झालं तर चावी माझ्याकडे," त्याने बजावलं. आता इंजिनचा पिवळा दिवा लागला, पंपावर गाडी सुरू होईना, आत पेट्रोलचा वास. चावी गेली त्याच्या खिशात.

गाडीतला बिघाड वाचणारा स्कॅनर लावला. दोन कोड आले, एक काट्याचा आणि एक पेट्रोलच्या वाफेचा.

मागची सीट उचलून टाकीतला, पेट्रोल मोजणारा सेन्सर बाहेर काढला. त्याचा तरंगता दांडा मधेच अडकत होता. "काटा बघा," मी मुलाला म्हटलं. काटा अर्ध्यावर. दांड्याला टिचकी मारली, तर धपकन तळाला.

"त्या दिवशी दार आपटून बसला होतात का?"

"रागात होतो," तो पुटपुटला.

"त्या धक्क्यानेच काटा खाली पडला. बाबा खरं तेच सांगत होते. आजार रेड्याला आणि औषध पखालीला!"

मग गाडीखाली शिरले. टाकीतली वाफ बाहेर जाऊ नये म्हणून कोळशाचा एक डबा असतो, तो वाफ धरून ठेवतो. त्याची नळी सोडली, तर माझ्या हातावर पेट्रोलच सांडलं. डबा गच्च भिजला होता. टाकी काठोकाठ भरली की पेट्रोल त्यात शिरतं, मग वास येतो आणि गाडी अडते.

"पंपाचं नॉझल खट् करून थांबल्यावरही पेट्रोल कोण भरायला लावतं?" मी बाहेर येत ओरडलेच.

"मी," बाबा म्हणाले. "रोज. अगदी तोंडापर्यंत. ती पुन्हा उन्हात बसायला नको." मग खाली बघत म्हणाले, "आणि मलाही वाटायला लागलं होतं, आपण विसरतोच बहुतेक. मी खरंच विसरलो नव्हतो ना?"

"नाही हो, काका."

ओरडल्याचं मला फार वाईट वाटलं. मुलगा तर मान वर करेना.

संध्याकाळी नवा सेन्सर, नवा डबा बसवला, कोड पुसले. मुलाने खिशातली चावी काढून बाबांच्या हातात ठेवली आणि स्वतः बाजूच्या सीटवर जाऊन बसला. दार अलगद लावलं.

काटा पाऊण टाकी दाखवत होता. बाबांनी तो वाकून पाहिला, काचेवर बोटाने ठोकलं, पुन्हा पाहिला.

"वाटेत पंपावर थांबू का रे?"

"थांबा ना, बाबा," मुलगा म्हणाला. "पण खट् झालं की पुरे. मी आहे बरोबर."