मार्टिनआजोबा झाडाखाली

आमच्या डोंगरात अस्वलाला कुणी अस्वल म्हणत नाही. नाव घेतलं की ते येतं, असं मेंढपाळ मानतात. म्हणून सगळ्यांसाठी तो मार्टिनआजोबा. माझ्या बहिणीनं, लेओन्तिनानं, नेमका मार्टिन नावाचाच नवरा केला, तोही रुंद पाठीचा आणि अंगभर केसांचा. लग्नाच्या पंगतीतच तो मार्टिनआजोबा झाला. पुढे इतकी वर्षं आम्ही ते नाव त्याच्यासाठीच वापरलं, की दुसरा मार्टिनआजोबा आमच्या डोक्यातून निघूनच गेला असावा. निदान मला तसं वाटतं.

सप्टेंबर सरत आला होता. आम्ही तिघं तंबू घेऊन गाडीनं वर गेलो होतो. हरणांचे नर माजावर येऊन दरीदरीतून डरकत होते आणि लेओन्तिनाला तसा एक नर फोटोत हवा होता. दुपारभर ती तिपाईवरच्या कॅमेऱ्याला डोळा लावून बसली होती.

"दादा, हलू नकोस ना. तुझे गुडघे वाजतात."

"गुडघे कुठले, पानं उलटतायत त्याची," मार्टिन म्हणाला. "जन्मभर वाचनालयात बसून पुस्तकं खाल्लीत, दुसरं काय वाजणार?"

"तू आधी घोरणं बंद कर, मार्टिनआजोबा," लेओन्तिना म्हणाली. " तुझ्यामुळे सगळी हरणं पलीकडच्या जिल्ह्यात गेली."

मार्टिन हसला आणि टोपली घेऊन उताराखालच्या ओसाड बागेकडे निघाला. तिथले आलुबुखार पिकून फुटायला आले होते. जाताना मला म्हणाला, "सेवेर, थोड्या वेळानं खाली ये. मी झाडावरून देतो, तू घे. तुला वर चढ म्हणत नाही. उतरवायला बंबवाले बोलवावे लागतील."

मी येतो म्हणालो, आणि पुस्तकात रमलो.

काही वेळानं समोरच्या उतारावरून एक मेंढपाळ ओरडला, "अहो! बागेत मार्टिनआजोबा आलाय!"

"माहीत आहे!" लेओन्तिना कॅमेऱ्यावरून डोळा न काढता ओरडली. "खाऊ दे त्याला!"

मग तो पुन्हा ओरडला, "अहो बाई, गाडीत बसा! पोरंही आहेत बरोबर!"

"पोरं?" लेओन्तिना माझ्याकडे वळून हसत म्हणाली. "पोरं तर इटलीत आहेत."

हे म्हणता म्हणताच तिचा चेहरा बदलला. तिनं कॅमेरा बागेकडे वळवला, पाहिलं, आणि बाजूला झाली. मी डोळा लावला.

मार्टिनचं डोकं आणि खांदे पानांत बुडालेले होते. फांदीवर त्याचे बूट दिसत होते. एक हात खाली लोंबत होता, मुठीत आलुबुखार. आणि त्या हाताखाली, वीतभर अंतरावर, अस्वलाचं तोंड होतं. गवतात दोन पिल्लं सांडलेली फळं खात होती. घाटातल्या मोटारींतून बिस्किटं खायला शिकलेली ही जनावरं माणसाच्या वासाला बिचकत नाहीत.

"घे की रे," मार्टिनचा आवाज बागेतून आला. "हात दुखला माझा."

तो हात माझ्यासाठी होता.

"मार्टिन!" लेओन्तिना किंचाळली. "मार्टिनआजोबा खाली आहे!"

"खाली कुठला! वर आहे मी!" तो हसला. "आणि तुझा दादा खाली उभा राहून नुसता खातोय. ऐकू येतंय मला!"

ती पुन्हा तेच ओरडली. झाड हसून हललं. अस्वलानं पुढचा एक पंजा खोडावर टेकला. मेंढपाळ काहीतरी ओरडत कुत्री सोडत होता, पण मध्ये ओढा होता. मार्टिनचा हात आणखी खाली आला.

माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो माझा नव्हता.

"अस्वल!"

डोंगरात तो शब्द मी कधी ऐकलाही नव्हता. समोरच्या कड्यावरून तो परत आला. अस्वलानं मान वळवून वर आमच्याकडे पाहिलं. त्याच क्षणी हात पानांत दिसेनासा झाला. मग ओढ्यातून कुत्री वर आली, पिल्लं झाडीत पळाली, आणि अस्वल काही घाई नसल्यासारखं त्यांच्या मागून गेलं.

आम्ही झाडाखाली पोचलो तेव्हा मार्टिन डोळे गच्च बंद करून खोडाला मिठी मारून बसला होता. घट्ट मिटलेल्या मुठीतून रस कोपरापर्यंत ओघळला होता. खोडाच्या सालीवर ओरखडे होते.

लेओन्तिनानं हात वर केला. "ये. धर."

त्यानं हात दिला नाही.

"कोण आहे खाली?" त्यानं विचारलं.

"मी रे."

"नाव सांग."

"लेओन्तिना."

"आणि बाजूला कोण?"

मी सांगायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. मार्टिननं पाय आणखी वर ओढून घेतले.